सुतारकामाच्या गाळ्यासाठी डस्ट एक्स्ट्रॅक्टर: पिशवीवाला की व्हॅक्यूम?

मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या अवजारांच्या बाजारात डस्ट एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे धूळ ओढणारं यंत्र, मागितला की दुकानदार आधी विचारतो, ‘किती एचपीचा?’ त्याला उत्तर देण्याआधी आपल्या गाळ्यात धूळ निघते कुठून, हे नीट बघून घ्या. रंधा मशीन आणि फळी एकसारख्या जाडीची करणारा थिकनेसर पोतं भरून ढलप्या काढतात. त्या पायात येतात, पण छातीत जात नाहीत. पॉलिश पेपरने घासणारा सँडर आणि एमडीएफवर (लाकडाच्या भुग्याच्या दाबीव पाटीवर) फिरणारा, खाचा कोरणारा राऊटर मूठभरच पीठ काढतात, पण ते शटर ओढेपर्यंत हवेत तरंगत असतं. ही दोन कामं वेगळी आणि त्यांची यंत्रंही वेगळी. नाव मात्र दोघांचं एकच, म्हणून घोळ होतो.

पिशवीवाल्यात मोठा पंखा आणि चार इंची पाइप असतो. तो हवा पुष्कळ ओढतो, पण त्याच्या ओढीला जोर कमी. पाण्याच्या उंचीत मोजली तर ही ओढ साधारण २००-२५० मिलिमीटर भरते. व्हॅक्यूमचं बरोबर उलटं: हवा थोडी, ओढ २००० मिलिमीटरच्या आसपास. जोगेश्वरीच्या गाळ्यात मी पहिल्यांदा दोन एचपीचा पिशवीवाला आणला आणि रिड्यूसर (पाइप बारीक करणारा जोड) लावून त्यालाच सँडर जोडला. पंखा जोरात फिरत होता आणि फळीवर धूळ तशीच पडून होती. बारीक नळीतून हवा खेचायची ताकदच त्या पंख्यात नसते. उलट्या बाजूनेही तेच. चार इंची पाइपात भुसा वाहता राहायला सेकंदाला सुमारे २० मीटर वेग हवा, म्हणजे जवळपास ३५० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा. एवढी हवा व्हॅक्यूम देऊच शकत नाही. थिकनेसरला तो जोडलात तर तासाभरात पाइप तुंबेल.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पिशवीवाल्याची वरची पिशवी. स्वस्त यंत्रासोबत येणारी कापडी पिशवी बरेचदा ३० मायक्रॉनची असते, म्हणजे त्याहून बारीक कण तिच्यातून निसटतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फुफ्फुसात खोल जाणारे कण १० मायक्रॉनहून लहान. म्हणजे जाड भुसा खाली साठतो आणि खरी घातक धूळ कापडातून गाळून पुन्हा आपल्याच नाकासमोर येते. रात्री दिवे घालवा, यंत्र चालू करा आणि पिशवीच्या बाजूने टॉर्च मारा. त्या झोतात जे दिसेल ते कारागीर दिवसभर श्वासात घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. तेव्हा इथे पैसे वाचवू नका. मोठं यंत्र बाहेर ठेवून पिशवीचा प्रश्न सुटतो, पण आपल्याकडे बाहेर म्हणजे सामायिक पॅसेज, शेजारचा गाळा आणि पाऊस. यंत्र आतच राहणार, म्हणून पिशवी काढून एक मायक्रॉनचा घडीदार कार्ट्रिज फिल्टर बसवणं भाग आहे.

व्हॅक्यूममध्ये ‘एल’ आणि ‘एम’ हे युरोपीय वर्ग बघा. एल वर्ग ९९ टक्के धूळ अडवतो, एम ९९.९ टक्के. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण सुटून जाणारी धूळ दहापट कमी होते. लाकडासाठी एमच घ्या. त्याची टाकी लवकर भरते, म्हणून मध्ये झाकणावर छोटा सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा वेगळा पाडणारं नरसाळं) बसवलेला ड्रम ठेवा. बहुतेक भुसा ड्रममध्येच पडतो आणि फिल्टर टिकतो.

मोठा उभा सायक्लोन या दोघांहून सरस, कारण भुसा पंख्यापर्यंत पोचतच नाही. साध्या पिशवीवाल्यात चुकून ओढला गेलेला खिळा थेट पंख्याच्या पात्यावर आपटतो, आणि ठिणगी पडलीच तर पुढे भुशाने भरलेली पिशवी असते. पण सायक्लोनला उंची लागते आणि आपल्या बहुतेक गाळ्यांत डोक्यावर पोटमाळा.

प्लाय-एमडीएफचं मॉड्युलर काम आणि दोन-तीनशे फुटांचा गाळा असेल तर एम वर्गाचा व्हॅक्यूम आणि ड्रम घ्या, दुसरा विचार नको. सागवानाच्या भरीव फळ्या रंधत असाल तर कार्ट्रिज लावलेला दोन एचपीचा पिशवीवाला घ्या, आणि सँडरसाठी पुढे व्हॅक्यूम घ्यायचा हे आत्ताच धरून चाला. दोन एचपी म्हणजे दीड किलोवॉट. कटर मशीन सोबत चालणार, तेव्हा मीटरचा मंजूर लोड आधी तपासा.

पावसाळ्यात दमट हवेने बारीक धूळ फिल्टरच्या घड्यांत थापली जाते आणि ओढ हळूहळू मरते. जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी यंत्र बंद करून फिल्टर झटका. भुसा रातभर आत ठेवू नका, बुरशी धरते. पिशवी रिकामी करताना मास्क लावा, कारण दिवसातली सगळ्यात जास्त धूळ त्याच पाच मिनिटांत उडते. आणि विकत घेताना फिल्टरचा मायक्रॉन आकडा बिलावर लिहून मागा. दुकानदाराला तो सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा.