साडेपाचशे रुपयांची दादरची खोली आणि माझे 17,351 रुपये

आधी आकडे सांगते. घरात, बँकेत, पोलिसांत इतक्या वेळा सांगितलेत की आता पाठ झालेत. 1,100. 4,400. 5,000. 1,850. 5,001. एकूण 17,351 रुपये. 6 नोव्हेंबर 2025 च्या संध्याकाळपासून 8 नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत मी स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन टाकून, दादरच्या एका नसलेल्या खोलीसाठी पाठवले. मी सोलापुरात ब्लाउज शिवते. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई 400 रुपये घेते. त्रेचाळीस ब्लाउज शिवले तरी ही रक्कम भरून निघायला दीडशे रुपये कमी पडतात.

दादरला आरी वर्कचा, म्हणजे आकड्याच्या सुईने करायच्या भरतकामाचा, दहा दिवसांचा क्लास होता, 10 नोव्हेंबरपासून. तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे नवरीच्या ब्लाउजांची कामं सुरू होतात आणि आरी येत नाही म्हणून गिऱ्हाईक हातचं जातं, म्हणून मी जायचं ठरवलं. "नातेवाईक नव्हते का मुंबईत?" हे मला आतापर्यंत वीस जणांनी विचारलंय. आहेत. कल्याणला माझी आत्या आहे. दीड खोलीत पाच माणसं आणि बारावीला बसलेली मुलगी. तिथे दहा दिवस भरतकामाची रिंग मांडून रात्री सराव कुठे करायचा? आणि चाळिशीच्या बाईने, स्वतःच्या कमाईतून, दहा दिवस स्वतःची खोली घ्यावी असं ठरवलं तर त्यात काय चुकलं? हे मला खरंच कुणीतरी सांगावं.

दादर-परळकडच्या सात लॉजना फोन केले. तिघांनी "सिंगल लेडीला देत नाही" म्हणून फोन ठेवला. एकाने विचारलं, "मिस्टर सोबत आहेत का? मग बघू." उरलेल्यांचा दर 2,800 च्या खाली नाही. दहा दिवसांचे 28,000, माझ्या क्लासच्या फीच्या दुपटीहून जास्त. एकट्या बाईला खोली देऊ नये असा कायदा कुठेही नाही, पण काउंटरवरच्या माणसाशी कोण वाद घालणार? हे मुद्दाम सांगतेय. आम्ही लोभापायी फसतो असं लोकांना वाटतं. मी सगळी दारं वाजवून झाल्यावर त्या जाहिरातीकडे गेले.

"फक्त महिलांसाठी. हिंदू कॉलनी, दादर पूर्व. स्टेशनपासून सात मिनिटं. रोजचे 550. घरचा चहा-नाश्ता." खाली पाच फोटो. फोन केला तर बाईच बोलली, स्वच्छ मराठीत, वयस्कर आवाज. म्हणाली, "मला काकूच म्हण. मूळ आम्ही साताऱ्याकडचे." आणि मग तिने आमिष काहीच दाखवलं नाही, उलट नियम सांगितले. रात्री साडेनऊनंतर गेट बंद. पुरुष पाहुणा चालणार नाही, भाऊ असला तरी खालीच भेटायचं. मांसाहार बाहेर. बाथरूममध्ये कपडे वाळत घालायचे नाहीत. खोटं बोलणारी बाई कपडे वाळत घालण्यावरून कशाला तंबी देईल, असं मला वाटलं. आणि ज्या बाईला एकटीने परक्या शहरात झोपायचंय तिला नियमच हवे असतात, हे त्या टोळीला पक्कं ठाऊक आहे.

मी व्हिडिओ कॉल मागितला होता, हे लिहून ठेवते, कारण "साधं व्हिडिओवर बघायचं ना" असं सगळे म्हणतात. मागितला होता. ती दुखावल्यासारखी म्हणाली, "अगं, आत तीन मुली राहतात. कुणी अंघोळीहून येतं, कुणी झोपलेलं असतं. उद्या तू इथे असताना मी कुणा अनोळखी माणसाला तुझी खोली फोनवर दाखवली तर चालेल का तुला?" मला काय उत्तर होतं? मलाच ओशाळल्यासारखं झालं, मी माफी मागितली. बायांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. तुमच्याच अब्रूची काळजी दाखवून तुम्हाला गप्प करतात. रिकामी खोली दाखवता येत नसेल तर जिना दाखवा, गेट दाखवा, इमारतीची पाटी दाखवा म्हणायचं. तेही नाही म्हटलं तर संपलं.

आता ज्याने माझी झोप गेली तो फोटो. पाचातला तिसरा. लोखंडी कॉट, वर निळ्या-पांढऱ्या चौकटीची सोलापुरी चादर, शेजारी हिरवं गोदरेजसारखं कपाट, आणि कपाटाच्या वर भिंतीला कॅलेंडर. मी फोटो बोटांनी मोठा करून बघितला, कारण मला चादर ओळखीची वाटली. कॅलेंडरवरची अक्षरं तेलुगू होती. मला तेलुगू वाचता येत नाही, पण आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला ती गोल अक्षरं लांबून ओळखू येतात. साखर पेठेत, अशोक चौकात निम्म्या घरांत तसलं कॅलेंडर असतं, माझ्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात आहे. साताऱ्याच्या बाईच्या घरात, दादरच्या हिंदू कॉलनीत, तेलुगू कॅलेंडर कशाला असेल? हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. आपल्यासारखी माणसं दिसतायत, असं वाटलं. आपल्या गल्लीतली खोली बघतेय असं वाटलं आणि पाचच मिनिटांत मी 1,100 रुपये टोकन पाठवलं. फोटो हैदराबादकडच्या एखाद्या हॉस्टेलचा असेल, कुठलाही असेल, मुंबईचा नव्हता. पुरावा माझ्या बोटाखाली होता, मी तो मोठा करून बघितला आणि त्यालाच भुलले.

पैसे पाठवताना स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं, ते पुरुषाचं आलं. "आमच्या जावयाचं खातं आहे." शुक्रवारी उरलेलं भाडं 4,400 पाठवलं तेव्हा नाव वेगळं आलं, कुठल्यातरी ट्रेडर्सचं. "सोसायटीच्या हिशेबासाठी वेगळं ठेवलंय." दोन दिवसांत दोन नावं, आणि काकूंचं एकही नाही. तिथेच हात थांबायला हवा होता. भाडं ज्या नावाने घेतात ते नाव पैसे मागणाऱ्या माणसाचंच असलं पाहिजे, यात जावई-भाचा काही चालवून घेऊ नका.

त्याच संध्याकाळी 5,000 डिपॉझिट, निघताना परत मिळणारं. शनिवारी सकाळी गेटपास आणि पोलीस पडताळणीचे 1,850. आणि शनिवारी रात्री दहाला तिचा फोन, आवाज काळजीचा: सोसायटीच्या अॅपमध्ये डिपॉझिट अडकलंय, नाव जुळत नाहीये, तू 5,001 टाक, दोन्ही मिळून 10,001 लगेच परत येतील, मग सोमवारी मला 5,000 हातात दे. हे मी आता लिहिते तेव्हा मला स्वतःचा संताप येतो. पण तोवर 12,350 गेले होते, रविवार रात्रीचं तिकीट कन्फर्म होतं, सासूबाईंना "अगदी घरगुती सोय झालीय" असं सांगून झालं होतं. गुंतलेला माणूस विचार करत नाही, गुंतलेलं सोडवायला धडपडतो. पैसे परत मिळण्यासाठी आधी पैसे पाठवायचे असं जगात कुठेही नसतं. पिन पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी कधीच लागत नाही.

रविवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसले तेव्हाही तिचे मेसेज येत होते. "गाडी वेळेवर आहे ना? सकाळी चहा टाकते." तो मेसेज मी अजून पुसलेला नाही. पहाटे दादरला उतरले तर फोन बंद. गल्ली खरी होती, इमारतीचा नंबर खरा होता. खाली दातांचा दवाखाना, वर चार बिऱ्हाडं, भाड्याची खोली एकही नाही. वॉचमनने माझी बॅग बघितली आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "ताई, रूमसाठी आलात ना? दिवाळीपासून तुम्ही तिसऱ्या." त्याने मला त्याची खुर्ची दिली. रस्त्यावर दूधवाले, शाळेची मुलं, आणि मी रिंग-स्टँड मांडीवर घेऊन बसलेली. रडू आलं नाही, लाज वाटली. कुणाला फोन करावा तेच सुचेना.

7 वाजून 40 मिनिटांनी 1930 ला फोन लावला. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे, आजच फोनमध्ये साठवून ठेवा. फसल्याचं कळल्या क्षणी लावायचा असतो, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उडायच्या आत गोठवता आले तरच काही हाती लागतं. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारतात, तो अॅपमध्ये त्या व्यवहारात सापडतो. तिथल्या मुलीने नीट ऐकून घेतलं, तक्रार क्रमांक दिला. संपूर्ण प्रकरणात माझ्याशी सरळ बोललेली ती आणि वॉचमन, एवढीच दोन माणसं.

पुढचं मात्र ऐका. जवळच्या पोलीस ठाण्यात गेले. पहिला प्रश्न: "एकट्याच आलात? घरचे कुठे आहेत?" पैसे कुठे गेले हे नंतर. मग, "पैसे सोलापूरहून पाठवलेत ना, मग गुन्हा सोलापूरला." मी म्हटलं, पत्ता तर तुमच्या हद्दीतला आहे, वॉचमन सांगतोय तिसरी बाई आहे. "त्या दोघी आल्या नाहीत ना आमच्याकडे." दीड तास बाकावर. शेवटी, "ऑनलाइन टाकलंय ना? तेच पुरे." ते पुरे नसतं. ऑनलाइन तक्रार म्हणजे आपोआप एफआयआर नव्हे, हे मला महिन्याने कळलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे आणि तिच्या 173 व्या कलमात साफ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची. हे कलम त्या साहेबांना माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

वीस नोव्हेंबरला सोलापुरात गेले. तिथे म्हणाले, "खोली मुंबईची, बाई मुंबईची, आम्ही काय करणार?" म्हणजे मुंबईसाठी मी सोलापूरची आणि सोलापूरसाठी मुंबईची. एकाने तर तोंडावर सांगितलं, "ताई, सतरा हजारच ना? इथे चाळीस लाख गेलेली माणसं रांगेत आहेत." सतराच हजार! ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला जमा होतो त्याने असं म्हणावं? मी सुईत दोरा ओवून कमावलेत ते. चार वेळा गेल्यावर अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला. शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कुठल्याही टेबलावरून उठू नका.

बँक त्याहून कोरडी. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक मी छापून नेलं होतं, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं कुणीतरी सांगितलं म्हणून. अधिकाऱ्याने दोन ओळी वाचून परत दिलं. म्हणाला, ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, तुम्ही स्वतः पिन टाकलाय. ठीक, टाकलाय. पण ज्या खात्यांत पैसे गेले ती कुणीतरी उघडून दिली असतीलच ना? मला खातं काढताना आधार, पॅन, फोटो, लाइटबिल मागितलं. त्या ट्रेडर्सला कुणी काय विचारलं? त्याचं उत्तर ना माझ्या बँकेकडे, ना त्यांच्या. जाहिरात जिथे होती त्यांनी तर "आपली तक्रार मिळाली" एवढा एकच मेसेज पाठवला आणि जाहिरात अकरा दिवस तशीच ठेवली.

17,351 पैकी 1,850 रुपये एका खात्यात गोठलेत. ते मिळवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगण्यात आलं. वकिलाने अर्जाचे 3,000 सांगितले.

क्लास मी पूर्ण केला. आत्याच्या दीड खोलीतून, रोज कल्याण-दादर लोकलच्या लेडीज डब्यात रिंग डोक्यावर धरून. नवऱ्याला तिसऱ्या दिवशी सांगितलं. तो ओरडला नाही, गप्प बसला, आणि ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

क्लासमधल्या मुलींकडून कळलं ते आधी कळायला हवं होतं. रेल्वेचं तिकीट असेल तर मोठ्या स्थानकांवरची रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी पीएनआरवर बुक होते, पैसे थेट रेल्वेकडे. मुंबई सेंट्रलला पॉड हॉटेल आहे, बायकांसाठी वेगळा भाग असलेलं. दक्षिण मुंबईत वायडब्ल्यूसीए या महिला संस्थेचं गेस्टहाउस आहे, पण जागा महिनाभर आधी विचारा. खाजगी खोलीच घ्यायची तर पहिली रात्र अशा ठिकाणी काढा, दिवसाउजेडी जाऊन बघा, मग पैसे. फोटो गूगल लेन्सला दाखवा, तो कुठल्या शहरात आणखी फिरतोय ते अनेकदा समजतं. मी ते केलं डिसेंबरात.

आणि मागच्या आठवड्यात तो फोटो मला पुन्हा दिसला. आता पत्ता पुण्याचा आहे, कर्वे रोडजवळचा, रोजचे 600, "नोकरी करणाऱ्या मुली आणि परीक्षार्थींसाठी". नंबर नवा आहे, चहा-नाश्ता तोच. मी 1930 वर पुन्हा कळवलंय. निळ्या-पांढऱ्या चौकटीची चादर, लोखंडी कॉट, उजवीकडे हिरवं कपाट, त्याच्या दाराला आरशाऐवजी लाल टिकल्या चिकटवलेल्या, वर तेलुगू कॅलेंडर. हे दिसलं तर फोन करू नका, आणि बहीण-भाची पुण्याला परीक्षेला निघाली असेल तर तिला आज रात्रीच सांगा.