समाज विज्ञानाच्या मास्तरांसाठी दूरस्थ एम.ए. अर्थशास्त्र : चौदा महिने वापरल्यावर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हायस्कूलला समाज विज्ञान शिकवणाऱ्यांना अर्थशास्त्र अगदीच परकं नसतं. कर्नाटकाच्या आठवी ते दहावीच्या पुस्तकात इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन असे सहा भाग असतात आणि ते सगळे एकच शिक्षक शिकवतो. म्हणजे दहावीपर्यंतचं अर्थशास्त्र शिकवायला वेगळा कागद लागत नाही. तो लागतो पीयूला (प्री-युनिव्हर्सिटी, म्हणजे अकरावी-बारावी), आणि त्यासाठी नोकरी न सोडता चालणारा रस्ता म्हणजे मुक्त किंवा दूरस्थ विद्यापीठाचं एम.ए. प्रवेशापासून पहिल्या वर्षाच्या परीक्षांपर्यंत चौदा महिने वापरून झालेलं हे मत आहे. थोडक्यात सांगायचं तर पदवी खरी आहे आणि चालते, पण माहितीपुस्तिका वाचून वाटतो त्याच्या दुप्पट वेळ खाते. तो वेळ वाचनात जात नाही, गणितात जातो.

आधी अट नीट समजून घ्यावी, कारण इथंच अर्धे लोक चुकतात. शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, म्हणजे एन.सी.टी.ई.च्या, 2014 च्या नियमांप्रमाणे अकरावी-बारावीला शिकवायला त्या विषयाची किमान 50 टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागतं. केंद्रीय विद्यालयं आणि सीबीएसईच्या शाळा साधारण हाच दंडक धरतात. तिथं अप्लाइड किंवा बिझनेस इकॉनॉमिक्सही चालतं. कर्नाटक सरकारच्या पीयू उपन्यासक (व्याख्याता) भरतीत मात्र एम.ए.ला 55 टक्के मागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्गीयांतला प्रवर्ग 1 यांना सवलत असते. विद्यापीठ उत्तीर्ण करतं 40 ला. 40 आणि 55 मधल्या या दरीत पुष्कळांची पदवी अडकते. हातात एम.ए. असतं, अर्ज मात्र भरता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून ‘पास’ हा शब्द विसरावा. टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) या वाटेशी संबंध नाही. कर्नाटक टीईटीचा दुसरा पेपर सहावी ते आठवीसाठी असतो, पीयूसाठी नाही.

विद्यापीठ निवडताना फी शेवटी पाहावी, माध्यम आधी. इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं) एम.ए. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुलं आहे, पण इंग्रजी किंवा हिंदीतून. किमान दोन वर्षं, कमाल चार. बी.ए.ला इतिहास-राज्यशास्त्र घेतलेल्यांना ही मोठी सोय आहे. नेहमीच्या विद्यापीठात, म्हणजे आपल्या भागात 2010 साली सुरू झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठासारख्या ठिकाणी, एम.ए.ला नियमित वर्ग असतात आणि पदवीला अर्थशास्त्र होतं का हे बहुधा विचारलं जातं. म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाचं नाव घराघरात माहीत आहे. त्याची यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्यता 2013-14 पासून काही वर्षं नव्हती, 2018 मध्ये परत मिळाली. जुनी पदवी दाखवणाऱ्याने प्रवेशाचं वर्ष तपासावं. नव्याने घेणाऱ्यानेही, विद्यापीठ कुठलंही असो, आपल्या सत्रासाठी आणि नेमक्या याच अभ्यासक्रमासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) यादीत नाव आहे का ते पाहून त्या पानाची प्रिंट फाईलला लावून ठेवावी. पाच वर्षांनी कागदपत्रांच्या पडताळणीत तीच उपयोगी पडते.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणाचा मोह मराठी माध्यमामुळे होतो. निपाणीकराला ते चाळीस किलोमीटरवर आहे, तेव्हा मोह समजण्यासारखाही आहे. मात्र राज्य विद्यापीठांना दूरस्थ अभ्यासाची केंद्रं आपल्या हद्दीबाहेर काढता येत नाहीत. त्यामुळे संपर्कवर्ग, परीक्षा आणि कागदांसाठी राज्याच्या सीमेवरचा नाका ओलांडावाच लागणार. दुसरी अडचण पुढची आहे. पदवी मराठीत होईल, पण पीयूचा वर्ग कन्नड किंवा इंग्रजीत घ्यायचा आहे. महाराष्ट्रातल्या कनिष्ठ महाविद्यालयाकडे डोळा असेल तर मराठी घ्या. कर्नाटकात राहायचं असेल तर इंग्रजीचा त्रास आत्ताच सोसलेला बरा.

आता वेळेचं गणित. मुक्त विद्यापीठात एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास धरतात. सहा श्रेयांकांच्या पेपरला 180 तास. वर्षाला असे पाच पेपर धरले तर 900 तास. शाळा, परीक्षेचं काम, जनगणना-निवडणुकीची ड्युटी हे सगळं सांभाळून आठवड्याला दहा तासांच्या वर कुणाचे निघत नाहीत. 900 भागिले 10 म्हणजे नव्वद आठवडे, एका वर्षाच्या अभ्यासाला पावणेदोन वर्षं. म्हणून दोन वर्षांत पदवी हे जाहिरातीचं वाक्य समजावं आणि तीन ते साडेतीन वर्षांची तयारी ठेवावी. एकाच सत्रात पाचही पेपर देऊ नयेत. तीन द्यावेत आणि त्यांत सूक्ष्म अर्थशास्त्र व संख्यात्मक पद्धती एकत्र घ्यावेत, कारण एकाचं गणित दुसऱ्याला लागतं.

स्वाध्यायांना 30 टक्के आणि सत्रान्त परीक्षेला 70 टक्के वजन असेल तर 55 चा हिशेब असा बसतो. स्वाध्यायाला 60 मिळाले तर परीक्षेत 53 हवेत. स्वाध्यायाला 70 असतील तर 49 पुरतात, आणि 80 असतील तर 45. परीक्षेतले हे आठ गुण मिळवण्यापेक्षा स्वाध्यायातले वीस गुण मिळवणं फार सोपं आहे, तरीही स्वाध्याय शेवटच्या आठवड्यात एकमेकांचे उतरवून काढले जातात. तपासणाऱ्याच्या हातात एकसारखी दहा उत्तरं आली की दहाही जणांचे गुण पडतात. आकृती स्वतः काढावी, अक्षांना नावं द्यावीत, उदाहरण आपल्या तालुक्याचं घ्यावं. जमा केल्याची पोच किंवा ऑनलाइन पावतीचा फोटो जपून ठेवावा, कारण गुणपत्रिकेत स्वाध्यायाचा रकाना रिकामा येणं ही दूरशिक्षणातली सर्वांत नेहमीची तक्रार आहे. एकदा उत्तीर्ण झालेला पेपर गुण वाढवायला पुन्हा देता येईल, असं गृहीत धरून चालू नये.

आणि आता गणित. समाज विज्ञानाचे शिक्षक सिद्धान्त छान लिहितात. पण ‘मागणीची लवचीकता म्हणजे वक्राचा उतार’ एवढं लिहिलं की तिथं गुण जातात. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती एकदा हातानं सोडवूनच काढावी लागते. मागणी = 100 वजा 2 गुणिले किंमत, असं समीकरण घ्या. उतार सगळीकडे तोच. किंमत 10 असेल तर मागणी 80, लवचीकता 2 × 10 ÷ 80 म्हणजे 0.25. किंमत 25 ला मागणी 50, लवचीकता बरोबर 1. किंमत 30 ला मागणी 40, लवचीकता 1.5. एकाच सरळ रेषेवर लवचीकता बदलत जाते, कारण ती टक्केवारीचं गुणोत्तर आहे. याच समीकरणावर मक्तेदारीचं उदाहरण बसवा. किंमत = 50 वजा नगांच्या निम्मे, म्हणून सीमान्त प्राप्ती, म्हणजे एक नग जादा विकल्याने वाढणारी प्राप्ती, = 50 वजा नग. सीमान्त खर्च 10 असेल तर 40 नग आणि किंमत 30. किंमत 10 च का नाही, हे ज्याला आकृतीवर दाखवता आलं त्याचा सूक्ष्म अर्थशास्त्राचा निम्मा पेपर झाला.

यासाठी लागणारं विकलन (डिफरन्सिएशन) दोन आठवड्यांत येतं. घातांकाचा नियम, गुणाकाराचा नियम आणि महत्तम-लघुतम काढणं, पहिल्या टप्प्यात एवढंच. शाळेतल्या गणिताच्या सहकाऱ्याकडून शिकायला संकोच करू नये. व्हिडिओ पाहून गणित आलं असं वाटतं. ते वाटणंच असतं, कागदावर बसलं की कळतं. गणिताला घाबरून सार्वजनिक वित्त आणि भारतीय आर्थिक धोरण यांच्या जोरावर सरासरी काढू म्हणणाऱ्यांची सरासरी बहुधा पन्नाशीत अडकते. त्या पेपरांना लिहिणाऱ्यांची गर्दी असते आणि सगळ्यांना सारखेच गुण पडतात.

प्रवेशाआधी तीन महिने काय करावं, तर एनसीईआरटीची अकरावी-बारावीची चार पुस्तकं: अर्थशास्त्रासाठी सांख्यिकी, भारतीय आर्थिक विकास, सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राचा परिचय. कर्नाटकाच्या पीयूला अभ्यासक्रम हाच आहे, त्यामुळे या वाचनाचा उपयोग एम.ए.ला होतो, भरतीला होतो आणि पुढं वर्गातही होतो. इंग्रजीतून वाचा, प्रत्येक स्वाध्याय सोडवा. शेजारी बालभारतीचं मराठी अर्थशास्त्र ठेवा. ई-बालभारतीवर ते फुकट मिळतं आणि त्यातल्या संज्ञा स्वच्छ आहेत. फक्त तिथं भर उपयोगिता विश्लेषणावर आहे, समवृत्ती वक्रांसाठी एनसीईआरटीकडेच यावं लागतं. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम चांगले आहेत, पण त्यांचं प्रमाणपत्र म्हणजे पात्रता नव्हे. सेवेत असलेल्यांना प्रशिक्षण म्हणून ते दाखवता येईल, एम.ए.च्या जागी नाही.

भाषेचा मुद्दा स्वतंत्रपणे मांडायला हवा, कारण बाहेरच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत तो सापडत नाही. मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलं पीयूला येतात तेव्हा त्यांच्या कानावर एकदम तीन संच पडतात. मागणी, बेडिके, डिमांड. पुरवठा, पूरैके, सप्लाय. कर, तेरिगे, टॅक्स. हे पाठ करता येतं. घोळ होतो तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. कन्नडमध्ये ‘निरुद्योग’ म्हणजे बेकारी. मराठीत निरुद्योगी म्हटलं की रिकामटेकडा. अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात बेकाराला आळशी ठरवण्यासारखं ते होतं. कन्नडमधलं ‘स्थितिस्थापकत्व’ म्हणजे आपली लवचीकता, पण मराठी मुलाला तो शब्द विज्ञानाच्या तासातल्या रबराचा वाटतो. उपयोगितेला ‘तुष्टिगुण’, चलनवाढीला ‘हणदुब्बर’, अंदाजपत्रकाला ‘आयव्यय’. साधारण दीडशे संज्ञांची तीन रकान्यांची वही एम.ए. चालू असतानाच करत गेलं तर वेगळा वेळ लागत नाही. राज्याच्या बहुतेक भरत्यांत सक्तीच्या कन्नडची अट असते. दहावीला कन्नड नसलेल्यांनी ते प्रकरण एम.ए.च्या आधीच निपटावं.

उदाहरणांच्या बाबतीत मात्र सीमाभागाइतका श्रीमंत दुसरा भाग नाही. निपाणीजवळच्या सीमेवरील कोगनोळी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे पेट्रोलवर दोन राज्यांचा वेगवेगळा कर. एकूण पेट्रोलची मागणी ताठर, पण नाक्याजवळच्या एका पंपाची भलतीच लवचीक, कारण पर्याय दोन मैलांवर उभा. पर्याय आणि लवचीकता यांचं नातं इतकं सरळ पुस्तकात दिसत नाही. किमान किमतीसाठी उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, घ्या. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये, पुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जास्त. पुस्तक म्हणतं, समतोल किमतीच्या वर किमान किंमत ठेवली की अतिरिक्त पुरवठा साचतो. ऊस तर फडात ठेवता येत नाही, मग तो साचतो कुठं? तो साचतो थकबाकीत. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात चौदा दिवसांत पैसे देण्याची तरतूद का आहे, हे इथं आपोआप उलगडतं. असं एक उदाहरण स्वाध्यायात आलं की तपासणारा थांबून वाचतो.

कागदपत्रांत सर्वांत जास्त छळतं ते नाव. कर्नाटकाच्या दहावीच्या कार्डावर आद्याक्षरं, महाराष्ट्रातल्या पदवीवर आडनाव आधी, आधारवर तिसरंच. आता दूरस्थ प्रवेशाला एबीसी (श्रेयांकांची ऑनलाइन बँक) आयडी आणि त्यावरून डीईबी आयडी काढावा लागतो आणि तिथं नाव जुळलं नाही की अर्ज पुढं सरकत नाही. आधार आधी दहावीच्या कार्डाप्रमाणे दुरुस्त करून घ्यावं, शेवटच्या तारखेच्या निदान महिनाभर आधी. सरकारी वा अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने उच्च शिक्षणाची लेखी परवानगी मुख्याध्यापकांमार्फत बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयातून प्रवेशाआधी घ्यावी आणि सेवापुस्तकात नोंद करवावी. पदवी झाल्यावर मागितलेली परवानगी मिळतेच असं नाही, आणि बढतीच्या यादीच्या वेळी नोंद नसलेली पदवी कुणी मोजत नाही.

कुणी घ्यावं? बी.एड. झालेलं आहे, बढतीला किंवा भरतीच्या वयाला अजून निदान पाच-सहा वर्षं आहेत आणि आठवड्याला दहा तास खरोखर काढता येतात, त्यांनी जरूर घ्यावं. अतिथी उपन्यासक म्हणून पुढच्या जूनलाच लागायचं आहे, त्यांच्या वेळेत हे बसणार नाही. दहावीचं अर्थशास्त्र बरं शिकवता यावं एवढीच इच्छा असलेल्यांना पदवीची गरजच नाही. एनसीईआरटीची ती चार पुस्तकं, तीन रकान्यांची वही आणि एक उन्हाळ्याची सुट्टी त्यांना पुरते.