स्मार्ट कॅम्पेन, सर्च कॅम्पेन की एजन्सी? रोज 300 रुपये घालणाऱ्या नाशिककर दुकानदारासाठी

इंदिरानगरला माझ्या मावसभावाचं आरओ दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने गुगलवर जाहिरात लावली, रोजचे 300 रुपये. दोन आठवड्यांनी म्हणाला, "दादा, फोन वाजतोय दिवसभर, पण काम एक नाही." लॅपटॉप घेऊन गेलो आणि लोकांनी काय शोधलं की ही जाहिरात दिसते, ती यादी उघडली. बरेच जण एका मोठ्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधत होते. काहींना टेक्निशियनची नोकरी हवी होती. एक गृहस्थ फिल्टर घरच्या घरी कसा बदलायचा ते बघत होते. प्रत्येक क्लिकचे पैसे मात्र याच्या खिशातून.

त्याची होती स्मार्ट कॅम्पेन. चहा पिता पिता मोबाइलवरून सुरू होते, हीच तिची खरी जमेची बाजू. यात तुम्ही नेमके शब्द देत नाही, विषय देता. बाकी गुगल ठरवतं. नको ते विषय वगळता येतात, पण लगाम सैलच राहतो. मेस किंवा सलून असेल, जवळपासचं कुणीही गिऱ्हाईक चालत असेल, तर ती वाईट नाही. दुरुस्तीच्या धंद्याला मी ती सुचवणार नाही.

सर्च कॅम्पेनला पहिल्यांदा एक अख्खी दुपार जाते. कीवर्ड, म्हणजे कोणत्या शोधाला जाहिरात दिसावी ते शब्द, तुम्ही देता आणि तो किती ताणायचा तेही तुम्हीच सांगता: नुसता लिहिला तर ब्रॉड (विषयाशी जुळणारं काहीही), अवतरण चिन्हांत फ्रेज (शोधात तो अर्थ असायला हवा), चौकटी कंसात एक्झॅक्ट (फक्त तोच अर्थ). छोट्या बजेटला ब्रॉडच्या वाटेला जाऊ नका. आम्ही फ्रेजवर आलो, 'जॉब', 'कस्टमर केअर', 'कसं करायचं' असे शब्द निगेटिव्हमध्ये, म्हणजे जाहिरात दिसू नये अशा शब्दांत, टाकले. लोक हेच शब्द इंग्रजी लिपीत टाइप करतात, स्पेलिंगही वाट्टेल ते, म्हणून तेही सगळे घातले. दर सोमवारी दहा मिनिटं यादी बघायची. तीही पूर्ण नसते. फारच कमी वेळा शोधलेले शब्द गुगल 2020 पासून दाखवत नाही.

ठिकाणाची सेटिंग तर हमखास चुकते. मुळात ती 'या भागात असलेले किंवा या भागात रस असलेले' अशी येते. आरओवाल्याला फक्त 'असलेले' हवेत. पुण्यात बसून नाशिकचं काही शोधणारा त्याच्या काय कामाचा? पण नाशिकच्या द्वारका सर्कलवरून शिर्डी-त्र्यंबकच्या गाड्या सोडणाऱ्याचं गिऱ्हाईक मुंबईतच बसलेलं असतं. त्याने 'रस असलेले' काढले, तर 2027 च्या सिंहस्थातही फोन गप्प राहील.

पैशाचं आधीच समजून घ्या. 300 ठरवले तरी एखाद्या दिवशी 600 जाऊ शकतात. महिन्याला मात्र 30.4 पटीच्या वर, म्हणजे 9,120 च्या वर जात नाही. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 10,762 च्या आसपास. नियमित जीएसटी भरणाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा जीएसटी स्वतःच्या करातून वजा होतो; उलाढालीवर ठरावीक टक्का भरणाऱ्या कंपोझिशनवाल्याला नाही.

आता मोजणी. यावर मी जरा हट्टी आहे. दुकानात "नंबर कुठून मिळाला?" विचारलं की सगळे म्हणतात "गुगलवरून". गुगल म्हणजे जाहिरात, की मॅपवरची फुकटची नोंद? कळायला मार्ग नाही. मग आम्ही एक नवं सिम घेतलं. तो नंबर फक्त जाहिरातीत आणि जाहिरात जिथे नेते त्या पानावर. जुना नोकियाचा डबा काउंटरवर ठेवला, शेजारी शंभर पानी वही. रकाने चार: तारीख, काय हवं होतं, काम झालं का, किती सुटले. वेबसाइटच्या कॉल बटणावर कन्व्हर्जन ट्रॅकिंग लावाच, पण तिथे बटण दाबल्याचं कळतं, काम मिळाल्याचं नाही. ते वहीतच कळतं.

वही नसेल तर हिशेब कसा फसतो बघा. समजा क्लिकला 20 रुपये, दहा क्लिकमागे एक फोन, तीन फोनमागे एक काम. म्हणजे एका कामामागे 600 रुपये जाहिरातीलाच. कामात 400 सुटत असतील तर तोटा. त्याच घरी एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, दिला तर चित्र वेगळं. भावाने आता एएमसीचीच जाहिरात ठेवली आहे.

राहिली एजन्सी. माझ्या ओळखीच्या एकाने जाहिरातीचं काम एजन्सीला दिलं होतं. खातं त्यांनी स्वतःच्या नावावर काढलं, दरमहा रंगीत रिपोर्ट पाठवला, त्यात 'इम्प्रेशन', म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली तो आकडा, भरपूर. सोडताना कळलं की वर्षभराची माहिती त्यांच्याकडेच राहणार. म्हणून खातं आपल्या जीमेलवर काढा, अॅडमिन स्वतः राहा, त्यांना त्यांच्या मॅनेजर खात्यातून (एजन्सी ज्यातून अनेकांची खाती सांभाळते) जोडून घ्या. पटलं नाही तर काढता येतं. आणि फी बघा. 9,000 च्या जाहिरातीवर समजा 8,000 फी गेली, तर ते आपल्याला झेपणारं नाही. अंबडच्या फॅब्रिकेशनवाल्याचं वेगळं, एक ऑर्डर आली तरी वर्षाची फी निघते. त्याने खुशाल द्यावी, फक्त सर्च टर्म्सची, म्हणजे लोकांनी काय शोधलं त्याची, यादी दर महिन्याला मागून घ्यावी.