ग्लोरिया गेनर की डॉना समर: पहिली एलपी कुणाची घ्यावी?

भाच्यानं नवं टर्नटेबल घेतलं आणि फोन केला. "मामा, डिस्कोची एकच एलपी घ्यायची तर कुणाची? ग्लोरिया गेनर की डॉना समर?" (एलपी म्हणजे अनेक गाण्यांची मोठी तबकडी, आणि या दोघी सत्तरच्या दशकात गाजलेल्या अमेरिकन डिस्को गायिका.) मी पटकन 'समर' म्हणून मोकळा झालो. रात्री दोघींच्या रेकॉर्ड काढून बसलो आणि उत्तराची घाई झाली हे कळलं.

गेनर म्हटलं की लोकांना 'आय विल सर्व्हाइव्ह' आठवतं आणि तिथंच तिचा विषय संपतो. खरं तर न्यू जर्सीतल्या न्यूअर्कची ही बाई साठच्या दशकापासून क्लबांतून गात होती; तिची पहिली सिंगल, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेली छोटी रेकॉर्ड, १९६५ची. डिस्कोची लाट यायच्या आधीच तिचा गळा सोलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या भावनेनं ओथंबलेल्या गाण्यात, तयार झालेला होता, आणि १९७५च्या 'नेव्हर कॅन से गुडबाय' या एलपीत तो ऐकू येतो. पहिल्या बाजूवर तीनच गाणी, मध्ये कुठंही थांबा नाही, सुमारे १९ मिनिटं. ती एकमेकांना जोडली मिक्सिंग करणाऱ्या टॉम मोल्टन यांनी. तोवर तीन मिनिटांची सिंगल संपली की नाचणाऱ्यांचा जोर ओसरायचा. इथं गाणं बदलतं, पण ठेका सुटत नाही. ढोलकीवाला वाजवतच राहिलाय आणि वरची चाल मात्र पालटली, तसं. शीर्षकगीत मूळ जॅक्सन फाइव्ह या भावांच्या बँडचं, १९७१चं, बरंच निवांत. गेनर ते पळवते, पण पळताना शब्दातलं दुखणं सांडू देत नाही. दुसरी बाजू ठीकठाक आहे, जास्त अपेक्षा नको.

'आय विल सर्व्हाइव्ह'ची कथा तर गंमतशीर आहे. १९७८ मध्ये स्टेजवर पडल्यानं तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं, आणि हे गाणं तिनं पाठीला पट्टा बांधून रेकॉर्ड केलं. कंपनीनं ते 'सब्स्टिट्यूट' नावाच्या गाण्याच्या मागच्या बाजूला टाकलं. क्लबच्या डीजेंनी रेकॉर्ड उलटली, आणि मार्च १९७९ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याला डिस्कोचं ग्रॅमी मिळालं. तो पुरस्कार पुढं पुन्हा कधी दिलाच नाही.

समरचं गणित वेगळं. बॉस्टनची, चर्चमध्ये गाणारी मुलगी १९६८ मध्ये 'हेअर' या संगीतिकेसाठी म्युनिकला गेली आणि पुढं तिथं तिला जॉर्जियो मोरोडर आणि पीट बेलॉट हे तिचे निर्माते भेटले. १९७५चं 'लव्ह टू लव्ह यू बेबी' जवळपास १७ मिनिटांचं, अख्खी एक बाजू. (घरात वडीलधारी असताना लावू नका.) पण खरा धक्का १९७७च्या 'आय फील लव्ह'चा. पायाचा ड्रम आणि तिचा आवाज सोडला तर सगळं मूग सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या यंत्रावर. हेडफोन लावून बघा: बेसचा सूर एका कानात येतो आणि त्याचाच उशिरा आलेला प्रतिध्वनी दुसऱ्या कानात, म्हणून तो दुप्पट वेगानं धावल्यासारखा वाटतो. वर समर पिसासारखी तरंगते. मशीनवर नाचायला जगाला इथं शिकवलं गेलं, असं माझं मत.

१९७९ची 'बॅड गर्ल्स' ही दोन तबकड्यांची एलपी तर सगळं मिळणारं दुकानच आहे. त्यातल्या 'हॉट स्टफ'ला ग्रॅमी मिळालं ते रॉक विभागात! १२ जुलै १९७९ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कात डिस्कोला विरोध म्हणून तिच्या रेकॉर्ड स्फोटात उडवल्या गेल्या आणि या संगीताचे दिवस फिरले. गेनरला तसं यश पुन्हा लाभलं नाही. समर मात्र १९८३ मध्ये 'शी वर्क्स हार्ड फॉर द मनी' घेऊन पुन्हा वर आली. कारकीर्द म्हणाल तर तिचीच मोठी, यात वाद नाही.

तरी भाच्याला मी दुसऱ्या दिवशी शब्द फिरवून गेनर सांगितली. संग्रह वाढवायचा असेल, घरात पार्टी असेल, किंवा आजच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची मुळं शोधायची असतील, तर डोळे मिटून समर. पण त्याला एकच एलपी घ्यायची आहे, आणि सोलचा डिस्को होताना ऐकायचा तर गेनरच्या त्या १९ मिनिटांना तोड नाही. फक्त एक बजावलं: पहिली बाजू संपली की उलटायची घाई करू नकोस, सुई उचलून परत सुरुवातीला ठेव.