'नॉन-स्टॉप इरॉटिक कॅबरे' : आठ महिने ऐकल्यानंतर

मागच्या पावसाळ्यात सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडीची ही रेकॉर्ड मागवली, तेव्हा मला त्यातलं एकच गाणं माहीत होतं. 'टेंटेड लव्ह'. त्यातले सुरुवातीचे ते दोन टोकदार ठोके रील्समध्ये कुठे ना कुठे कानावर पडतातच. बाकीची नऊ गाणी म्हणजे त्या एका गाण्याची भरती असणार, असं मी धरून चालले होते. आज आठ महिन्यांनी सांगते, मी सगळ्यात कमी वेळा लावते ते 'टेंटेड लव्ह'च.

सॉफ्ट सेल म्हणजे दोघंच. गाणारा मार्क अल्मंड आणि सिंथेसायझरवर डेव्ह बॉल, लीड्सच्या पॉलिटेक्निकमध्ये भेटलेले. हा त्यांचा पहिला अल्बम, नोव्हेंबर १९८१ चा, निर्माता माइक थॉर्न. ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच्याबद्दल जे जे वाचलं, त्यात जोर एकाच गोष्टीवर: बदनाम गल्ल्या, निऑनचे दिवे, चोरटी सुखं. कव्हरही त्याला साथ देतं. अल्मंड चामड्याच्या जॅकेटमधून तपकिरी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढतोय. नाव तर आहेच. दुसरी नेहमीची तक्रार अल्मंडच्या आवाजाची, की तो सुरात राहत नाही.

दोन्ही गोष्टी खोट्या नाहीत. पण मला वाटतं, लिहिणारे दारापर्यंत आले आणि पाटी वाचून परत गेले.

मी नाशिकमध्ये उंटवाडीला एका खोलीत राहते. पलंग, गॅस, कपड्यांची दोरी, सगळं त्या चार भिंतींत. आपण त्याला 'सिंगल रूम' म्हणतो, इंग्लंडात 'बेडसिटर'. याच नावाचं गाणं दुसऱ्या बाजूला तिसरं आहे. रविवारची सकाळ, जमिनीवर पडलेले कपडे आणि रेकॉर्डी, बोलायला समोर फक्त रेडिओ. आदल्या रात्री गर्दीत नाचून आलेला माणूस सकाळी स्वतःच्या खोलीला तोंड देतोय. खाली बॉलचा सिंथ पळतोय, अगदी नाचायला लावणारा, आणि वरचा माणूस मात्र जागचा हलत नाही. माझी सुट्टी सोमवारी असते, एवढाच फरक. कॉलेज रोडवर मैत्रिणींबरोबर हसून-खिदळून रात्री कुलूप उघडताना जे वाटतं, ते इतकं नेमकं मी कुठल्याच गाण्यात ऐकलं नव्हतं. हा अल्बम वासनेचा म्हणून ओळखला जातो. मला तो एकटेपणाचा वाटतो. सिनेमा, क्लब, भाड्याची सोबत, सगळं काही खोलीवर परत जायची वेळ लांबवण्यासाठी.

आवाजाचं म्हणाल तर त्याचा निकाल माझ्या आईने लावला. डिसेंबरच्या थंडीत ती चांदवडहून आठवडाभर राहायला आली होती. मी शेवटचं गाणं लावलं, 'से हॅलो, वेव्ह गुडबाय'. पाच मिनिटांहून मोठं, सावकाश, मध्ये क्लॅरिनेटचे सूर. आई मेथी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "हा माणूस रडतोय का गं?" मी म्हटलं, नाही, निरोप घेतोय. थोडं ऐकून म्हणाली, "आपले बापू भजनात असेच गायचे. सूर सुटायचा त्यांचा, पण माणूस उठून जायचा नाही." इंग्रजीचा एक शब्द न कळता तिला जे कळलं, ते मला उमगायला चार महिने गेले होते. वरच्या जागी आवाज किंचित खाली राहतो, आणि तिथेच माणूस मोडलेला ऐकू येतो. तोच स्वर घासूनपुसून बरोबर लावला असता तर हे गाणं मेलं असतं.

'टेंटेड लव्ह' त्यांचं स्वतःचं नाही. एड कॉबचं गाणं, १९६० च्या दशकात ग्लोरिया जोन्सने गायलेलं, तेव्हा न चाललेलं, पुढे उत्तर इंग्लंडमध्ये सोल संगीतावर नाचायच्या क्लबांत जिवंत राहिलेलं. या दोघांनी त्याची लय संथ केली, बँड काढून टाकला. ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या हॉट १०० यादीत ४३ आठवडे, तेव्हाचा विक्रम. पण सिंगलच्या, म्हणजे या गाण्याच्या वेगळ्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूलाही दुसऱ्याचंच गाणं घातल्यामुळे गीतलेखनाचं मानधन या दोघांना मिळालं नाही. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. मागे 'बेडसिटर'सारखं स्वतःचं एक गाणं टाकलं असतं तर!

आता रेकॉर्डविषयी. पहिली प्रत वाकडी आली. सुई दर फेऱ्याला उडी मारायची. विकणाऱ्याने बदलून दिली, पण तीन आठवडे मेसेज करावे लागले. दुसरी सपाट आहे, तरी एक त्रास राहतोच. तबकडी एकाच गतीने फिरते, पण मध्याकडे जाताना प्रत्येक फेऱ्यात सुईखालून जाणारी खाच आखूड होत जाते, आणि 'स', 'श' फाटायला लागतात. अल्बममधलं सगळ्यात हळवं गाणं नेमकं तिथे, शेवटाला. सुई बदलल्यावर बराच फरक पडला. तेवढं गाणं मी फोनवरूनही ऐकते.

'सेक्स ड्वॉर्फ' मला आवडलं नाही, आठ महिन्यांनंतरही नाही. धक्का द्यायचा म्हणून दिलेला धक्का. त्याच्या व्हिडिओवरून गदारोळ झाला आणि अल्बमची सगळी बदनामी त्या गाण्याने ओढून घेतली, असं मला वाटतं. 'सीक्रेट लाइफ'कडे लक्ष जायला हवं होतं, ते त्यामुळे गेलं नाही.

पाचपैकी साडेचार. घेणार असाल तर दुसरी बाजू आधी लावा, रात्री दहानंतर, दिवा बारीक करून. आईने परवा फोनवर विचारलं, तो निरोपवाला अजून लावतेस का.