टी-३४ वरचा पांढरा हिवाळी रंग: हेअरस्प्रे पद्धतीचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत रणगाड्याचं मॉडेल, १/३५ मापाचा टी-३४/७६, १९४२ चा षटकोनी टरेटवाला (टरेट म्हणजे तोफेचा फिरता बुरूज), हिवाळी रंगात पूर्ण होऊन बरेच महिने झाले. मॉडेल उघड्या शेल्फवर असतं आणि अधूनमधून हातातही घेतलं जातं. एवढ्या वापरानंतर हेअरस्प्रे पद्धतीबद्दल (दोन रंगांमध्ये हेअरस्प्रेचा थर द्यायचा आणि वरचा रंग पाण्याने उडवायचा) ठामपणे सांगता येतं: उडालेला, धुवट पांढरा रंग हवा असेल तर याहून चांगली पद्धत मला तरी माहीत नाही.

खऱ्या रणगाड्यावर हा पांढरा रंग तात्पुरताच असायचा. गाडी ४बीओ या गडद हिरव्या रंगात कारखान्याबाहेर पडायची. बर्फ पडला की वरून खडूचा किंवा चुन्याचा, पाण्याने निघणारा रंग फासला जायचा आणि तो चिखलाने, वितळत्या बर्फाने, सैनिकांच्या बुटांनी निघत जायचा. पांढऱ्यावर स्पंजने हिरवे ठिपके दिले तर ते वरून चिकटवल्यासारखे दिसतात. हेअरस्प्रेमध्ये हिरवा खरोखरच खालून उघडा पडतो. सगळा फरक इथेच आहे.

हिरव्या रंगावर सॅटिन वार्निश मारून ते पूर्ण वाळू द्यायचं, त्यावर हेअरस्प्रेचे दोन हलके हात आणि मग पांढरा ॲक्रिलिक. मी तामियाचा एक्सएफ-२ पाण्यात पातळ करून, त्यात थोडा बफ (फिकट पिवळसर तपकिरी) मिसळून वापरला, कारण निव्वळ पांढरा या मापात डोळ्यांत खुपतो. लॅकर थिनरने पातळ केलेला रंग फार घट्ट बसतो आणि निघताना छळतो. हेअरस्प्रे साधा, कडक पकडीचा घ्यावा. केस चमकवणारा नको.

रंग काढायला तासाभराच्या आत बसावं. ड्रायव्हरच्या हॅचभोवती ओला ब्रश फिरवून क्षणभर थांबलं की पांढरा थर मऊ पडतो. मग आखूड कापलेल्या कडक ब्रशने टोचत गेलं की हॅचच्या कडेने तो बारीक तुकड्यांत फुटतो आणि खालचा हिरवा दिसू लागतो. हे काम घाईने करू नये. चढताना पाय कुठे पडेल, हात कुठे टेकेल, याचा विचार करत रंग काढावा: पुढच्या तिरप्या चिलखताची कड, टरेटच्या दोन गोल हॅचची तोंडं, फेंडर, इंजिनवरची झाकणं. टरेटच्या बाजूंवर ब्रश फक्त वरून खाली ओढायचा, म्हणजे पाण्याचे ओघळ आपोआप उमटतात. मनासारखं झालं की लगेच मॅट वार्निश. ते सोडून चालणार नाही, कारण खालचा हेअरस्प्रे पाण्यात विरघळणाराच राहतो. त्यानंतर ऑइल कलर आणि व्हाइट स्पिरिटचे वॉश (खाचांत उतरणारे अगदी पातळ रंगाचे हात) निर्धास्त द्यावेत. पाण्यातले वॉश मी टाळले.

इतक्या महिन्यांनी पांढरा पिवळा पडलेला नाही, कुठे पापुद्रे सुटलेले नाहीत. त्रास आहे तो धुळीचा. मॅट पांढरा ती धरून ठेवतो आणि इंजिनच्या झाकणांवर ती राखाडी दिसते. कोरड्या मऊ ब्रशने निघते, पण नियमित झटकावी लागते. काचेची पेटी असेल तर उत्तम.

किटमधल्या व्हिनाइल ट्रॅकवर मात्र मी नाराज आहे. चाकाभोवती वळतात तिथे त्यांच्यावरचा रंग तडकू लागला. शिवाय टी-३४ ला वर रिटर्न रोलर, म्हणजे ट्रॅकची वरची बाजू उचलून धरणारी लहान चाकं, नसतात. ट्रॅकची वरची बाजू सरळ पाच मोठ्या चाकांवर टेकते आणि दोन चाकांच्या मध्ये झोळ पडते. ताणलेल्या व्हिनाइलमध्ये ही झोळ येत नाही, आणि ती नसली की गाडीला वजनच वाटत नाही. शेवटी सुट्या कड्यांचे प्लास्टिक ट्रॅक बसवले. जोडायला कंटाळवाणे, पण मॉडेल आता जमिनीवर बसल्यासारखं दिसतं. मागची पितळी जाळी सुपरग्लूने लावली होती, ती आजही घट्ट आहे.

जर्मन गाडी करणार असाल तर खालचा रंग काळ बघून ठरवा: १९४१-४२ च्या हिवाळ्यात गडद राखाडी, फेब्रुवारी १९४३ नंतर गडद पिवळा. पिवळ्यावर पांढरा फारसा उठून दिसत नाही, तिथे कडांना गडद वॉश जरा जास्त लागेल. १/७२ साठी मात्र ही पद्धत सुचवणार नाही. त्या मापात निघालेले तुकडे फार मोठे वाटतात. तिथे पातळ पांढरा ब्रशनेच विरळ लावलेला बरा.