कुटजारिष्ट: सात महिने आणि एक झाकण

परवा दुपारी कपाटात फट्‌ असा आवाज झाला. कुटजारिष्टाची, म्हणजे जुलाबावरच्या आंबवलेल्या आयुर्वेदिक काढ्याची, अर्धी उरलेली बाटली मेच्या उकाड्यात पुन्हा आंबली, झाकण वरच्या फळीला आपटलं आणि डाळीच्या डब्यांवर तपकिरी ओघळ. दुकानदार म्हणाला, "ताई, अरिष्ट आहे, चालायचंच." हेल्पलाइनवरच्या मुलीने बॅच नंबर मागितला, तोच ओघळात पुसला गेलेला.

या झाकणाशी माझं आधीपासून वाकडं आहे. तेच माप, तेच बूच. आट्यात गूळ सुकतो, मुंग्या लागतात, आणि दर वेळी एखादा मिली आत चिकटून राहतो. वीस मिली दोनदा घेतलं की ४५० मिलीची बाटली अकरा दिवसांत संपते. त्यात हे नुकसान कोण सोसणार? मी बरोबरीचं पाणी त्याच मापात घालते, खळबळते आणि पिऊन टाकते.

बाकी औषधाला नावं ठेवणार नाही. कुड्याची (कुटज तो हाच) साल जिभेवर जाळ काढते, पण मनुका, मोहाची फुलं आणि गूळ सांभाळून घेतात. आंबवण्याचं काम धायटीच्या फुलांचं. दारू वरून घालत नाहीत, आतच तयार होते, ५ ते १० टक्के. (सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.) तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या संडासच्या सहा फेऱ्या दोनवर आल्या. फेब्रुवारीत लिहायला बसले असते तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

मार्चमध्ये पुन्हा रक्त दिसलं. मलातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन, तपासलं. ते ५० च्या आत हवं. माझं अरिष्टाआधी ४१२ होतं, आता ३७८. म्हणजे फेऱ्या कमी झाल्या, आतड्याची सूज जिथल्या तिथे! कोलोनोस्कोपीत (आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. सूज उतरवणारं मेसालामाइन सुरू झालं, आठ आठवड्यांनी आकडा ९० वर आला. अरिष्टाचं डॉक्टरांना तोवर सांगितलंच नव्हतं. ते रागावले नाहीत, फक्त बाटलीचा फोटो पाठवा म्हणाले. अरिष्ट देणाऱ्या वैद्यांनाही रिपोर्ट दाखवले. तेच म्हणाले, रक्त पडत असताना माझ्यावर विसंबून राहायला नको होतं.

दोघांना विचारून रात्रीचा एक डोस ठेवलाय, पोट फुगत नाही म्हणून. मधुमेह असलेल्यांनी गुळाकडे बघून विचार करावा. घरातल्या पोरांच्या हाती तर लागूच देऊ नये.

काल कंपनीचं कुरिअर आलं. आत नवं झाकण होतं. नुसतं झाकण.